एका किलोत किती बोल्ट?

गुरुवारी रात्री साडेदहाला बाबांचा फोन आला. आता माझे बाबा साडेदहाला कोणालाच फोन करत नाहीत. साडेनऊला जेवण, दहाला बातम्या आणि सव्वादहाला घोरणं, हा गेल्या तीस वर्षांचा कार्यक्रम. त्यामुळे फोनवर नाव बघूनच पोटात गोळा आला.

"मामा चोरी करालाय रे," बाबा म्हणाले.

"कोण मामा?"

"कोण म्हणजे? आपला दुकानातला मामा. तुझ्या कॉम्प्युटरनंच पकडला की त्याला."

तर ही गोष्ट तिथून सुरू होते. गेल्या पावसाळ्यातली आहे. लिहू की नको यात वर्ष गेलं, कारण गोष्टीत सगळ्यात वाईट दिसणारा माणूस मीच आहे.

थोडी पार्श्वभूमी. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं नट-बोल्टचं दुकान आहे. दहा बाय तीसची जागा, मागं तेवढंच गोडाऊन. ज्यांनी उद्यमनगर बघितलेलं नाही त्यांच्यासाठी : कोल्हापूर म्हणजे फक्त तांबडा-पांढरा आणि चपला नव्हेत. इथं गल्लोगल्ली लेथ मशिनं आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्र्या आहेत. यातल्या कोणालाही अचानक दोन डझन बोल्ट लागले की तो आमच्यासारख्या दुकानात येतो. कोणी 'दहा एमएम' मागतो, जुना मिस्त्री अजून 'तीन सुती' मागतो. दोघांनाही काय पाहिजे ते मामांना न बघता कळतं.

मामा म्हणजे नात्यातले नव्हेत. दुकानात एकोणीस वर्षं कामाला, वय पंचावन्नच्या आसपास, म्हणून सगळ्यांचेच मामा. बाबाही त्यांना मामाच म्हणतात. मी शाळेत असताना दुकानात यायचो तेव्हा वायसर मोजायला मला त्यांनीच शिकवलं. पाच-पाचचे ढीग करायचे, बोटानं ओढायचे. सकाळी गोडाऊन उघडणार मामा, रात्री कुलूप लावणार मामा. पगार चौदा हजार.

आता माझा पराक्रम. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मला हुक्की आली की बाबांच्या दुकानाचं कॉम्प्युटरायझेशन करायचं. बाजारात तयार पॅकेजं ढिगानं मिळतात, पण आपण इंजिनिअर ना! चार दिवस बसून मी स्वतःच एक प्रोग्राम लिहिला. खरेदी टाका, विक्री टाका, महिनाअखेर मामांनी मोजलेला स्टॉक टाका. जितका असायला पाहिजे तितका नसला तर शेवटच्या कॉलममध्ये लाल रंगात आकडा येतो. त्या कॉलमला मी नाव दिलं होतं 'तूट'. बाबांना प्रोग्राम फार आवडला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "पोरानं केलंय."

तीन वर्षं तो कॉलम जवळजवळ रिकामा होता. मग एकदम महिन्याला सहा-सात हजारांची तूट दिसायला लागली. आठ महिन्यांत मिळून बावन्न हजार. बाबांनी पहिले काही महिने दुर्लक्ष केलं, मग झोप उडाली. शेवटी त्या महिन्याच्या मामांच्या पगारातून तीन हजार कापले आणि 'तुमच्या हातात गोडाऊन आहे, तुम्हीच जबाबदार' असं सांगितलं. मामा काही बोलले नाहीत. आणि त्या गुरुवारी संध्याकाळी, मामा घरी निघताना, काऊंटरवर दोन गिऱ्हाईकं उभी असताना, बाबांनी त्यांना पिशवी उघडायला लावली.

पिशवीत जेवणाचा डबा, टॉवेल, तंबाखूची पुडी आणि मामींच्या बीपीच्या गोळ्या. बस्स.

शुक्रवारी मामा आले नाहीत.

"बघ," बाबा फोनवर म्हणाले, "चोर नसता तर आला असता की नाही?"

मला त्या क्षणी हे लॉजिक पटलं, हे इथं कबूल करतो. पिशवीत माल मिळाला असता तर चोर. मिळाला नाही तर हुशार चोर. कामावर आला तर निर्ढावलेला, आला नाही तर घाबरलेला. संशय एकदा बसला की त्याला उलटा पुरावा म्हणून काही सापडतच नाही. पण हे शहाणपण नंतरचं. तेव्हा मी फक्त शनिवारी पहाटे गाडी काढली आणि कोल्हापूरला निघालो.

दुपारी आधी राजारामपुरीत एका मित्राकडे गेलो. त्याचं हॉटेल आहे आणि त्याच्याकडे खरीखुरी चोरी झाली होती, म्हणजे तो या विषयातला अनुभवी! त्याचा कॅशियर सगळ्यात विश्वासू, घरच्यासारखा, सहा वर्षांत एक रजा नाही. मग त्याला डेंग्यू झाला. दहा दिवस मित्र स्वतः गल्ल्यावर बसला आणि त्याच्या लक्षात आलं की गिऱ्हाईक तेवढंच असून रोजचा गल्ला दोन-अडीच हजारांनी वाढलाय. पद्धत साधी होती. गिऱ्हाईकाला बिल द्यायचं, रोख घ्यायची, गिऱ्हाईक गेलं की ते बिल सिस्टिममध्ये 'कॅन्सल' करायचं. मित्रानं आरडाओरडा केला नाही. तीन महिन्यांची कॅन्सल बिलं काढली, ती कोणाच्या पाळीत आणि किती वाजता झाली ते लावलं, मग आतल्या खोलीत त्याला बसवून कागद समोर ठेवले. कॅशियर रडला, कबूल झाला.

"पोलिसात गेलास?"

"न्हाई. जाता आलं असतं." (जाता येतंच. नोकरानं मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरणं हा साध्या चोरीपेक्षा मोठा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याला कलम ३०६ आहे, पूर्वी भारतीय दंड विधानात ३८१ होतं. शिक्षा सात वर्षांपर्यंत.) "पण भावा, माझा बी दोष होता की. बिल कॅन्सल करायला त्याला कुणाला विचारायलाच लागत नव्हतं. आता माझा पासवर्ड लागतो."

हे रजेचं प्रकरण गंमत म्हणून सोडू नका. रिझर्व्ह बँकेचा बँकांना नियमच आहे की नाजूक जागांवरच्या लोकांना वर्षातून एकदा किमान दहा कामाचे दिवस, आधी न सांगता, सक्तीनं रजेवर पाठवायचं. कारण हेच. गैरव्यवहार चालू ठेवायला माणूस रोज जागेवर लागतो.

मी घरी परतताना डोक्यात एकच : मामाही कधी रजा घेत नाहीत! जोतिबाची यात्रा सोडली तर एकोणीस वर्षांत नाही. शिवाय मागच्या वर्षी मुलीचं लग्न झालं. आणि गोडाऊनची किल्ली त्यांच्याकडे.

डोनाल्ड क्रेसी नावाचा एक अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ होऊन गेला. त्यानं तुरुंगात जाऊन अफरातफर केलेल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या आणि १९५३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यातूनच पुढे तीन बाजूंचा प्रसिद्ध त्रिकोण आला : कोणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, संधी, आणि 'मी काही वाईट करत नाही' अशी स्वतःची घातलेली समजूत. ऑडिटवाले आजही तो शिकवतात. मी रात्री गादीवर पडून मामांना त्या त्रिकोणात बसवून बघितलं. लग्नाचं कर्ज, किल्ली, चौदा हजार पगार. फिट्ट बसले.

आता वाटतं, चौदा हजारांवर काम करणारा, किल्ली सांभाळणारा कुठला माणूस त्या त्रिकोणात बसत नाही? आपल्याकडचा जवळजवळ प्रत्येक नोकर बसतो. क्रेसीनं खरोखर चोरी केलेल्या माणसांवरून मागं जाऊन कारणं शोधली. मी कारणांवरून पुढं जाऊन चोर शोधत होतो. टेस्टिंगमध्ये ज्युनियर पोरानं असं केलं असतं तर मी त्याला झापलं असतं.

रविवारी सकाळी शटर अर्धं खाली ओढून बाबा आणि मी मोजायला बसलो. मित्राचा एकच सल्ला होता, "आधी माल मोज. माणसं नंतर." सगळ्यात जास्त तूट दाखवणारा आयटम दहा एमएम, चाळीस लांबीचा बोल्ट. हा माल आम्ही किलोवर विकत घेतो, पन्नास किलोच्या पोत्यात, आणि विकतो नगावर. त्या आठवड्यात आलेलं, अजून शिवण न उसवलेलं पोतं होतं. मामांचा हात न लागलेलं. ते फोडलं, काट्यावर दहा किलो काढले आणि पाच-पाचचे ढीग करत बोटानं ओढायला लागलो.

दोनशे नव्वद.

परत मोजले. दोनशे नव्वद. बाबांनी मोजले, त्यांचे दोनशे एक्याण्णव. (बाबा घाई करतात.)

मी लॅपटॉप उघडला. प्रोग्राममध्ये तो आयटम काढला. तिथं माझ्या हातानं लिहिलेलं होतं : एक किलो म्हणजे बत्तीस नग.

मला ती दिवाळी आठवली. तेव्हा जी कंपनी होती तिचा एक किलो मी मोजला होता. बत्तीस आले. तो आकडा मी कोडमध्ये ठोकून दिला आणि लाडू खायला आत गेलो. सगळ्या मापांचं तसंच केलं. तेव्हा ते बरोबरच होतं. पण...

"बाबा, हा माल कुठला?"

"लुधियानाचा. स्वस्त पडतोय. आधीचा एकशेतीस रुपये किलो होता, हा एकशेबावीस."

"कधीपासून?"

बाबा गप्प झाले. मग म्हणाले, "झाले की सात-आठ महिने."

नवीन बोल्टचं डोकं थोडं जाड होतं. एक नग तीनेक ग्रॅमनं जड. म्हणून किलोला बत्तीस नव्हे, एकोणतीस. पन्नास किलोच्या पोत्यात प्रोग्रामच्या हिशेबानं सोळाशे बोल्ट यायला पाहिजेत, येत होते साडेचौदाशे. दीडशे बोल्ट पोत्यात कधी आलेच नव्हते आणि ते चोरल्याबद्दल मामांचे तीन हजार कापले होते. वर गंमत अशी की, एकशेतीसला बत्तीस म्हणजे नगाला चार रुपये सहा पैसे, आणि एकशेबावीसला एकोणतीस म्हणजे चार रुपये एकवीस पैसे. 'स्वस्त' माल नगाला महाग पडत होता. महिनोन्महिने पैसे गळत होते हे खरं, पण ते बाबांच्या खरेदीतून.

दिवसभर बसून सगळी मापं मोजली, आकडे सुधारले. बावन्न हजारांतले साडेसत्तेचाळीस हजार जागच्या जागी विरघळले. उरलेल्या साडेचार हजारांपैकी बाबांना हळूहळू आठवायला लागलं. तालमीच्या गणपतीच्या मांडवाला दिलेले बोल्ट (बिल कुठलं करणार?), चुलतभावाच्या फॅब्रिकेशनला 'नंतर लिहू' म्हणून दिलेला माल. शेवटी राहिले अठराशे रुपये. ते कुठं गेले ते आजही माहीत नाही. चुकीची मोजणी असेल, गिऱ्हाईकाला डझनावर दिलेले वरचे दोन नग असतील, कोणी नेलेही असतील. आठ महिन्यांत अठराशे.

संध्याकाळी बाबा नुसतेच बसून होते. मी म्हणालो, "चूक माझी आहे."

"प्रोग्राम तुझा," बाबा म्हणाले, "पण पिशवी मी उघडायला लावली."

ज्यांनी ब्रिटनच्या पोस्टाचं प्रकरण वाचलंय त्यांना इथं 'होरायझन' आठवलं असेल. १९९९ पासून तिथल्या पोस्टांत फुजित्सु कंपनीची होरायझन नावाची सिस्टिम बसवली गेली. गावोगावी दुकानवजा पोस्ट चालवणाऱ्या लोकांच्या हिशेबात तूट दिसायला लागली. ते सांगत राहिले की आम्ही पैसे घेतलेले नाहीत, सिस्टिममध्ये गडबड आहे. पोस्ट म्हणत राहिलं की सिस्टिम बरोबर आहे. तिथल्या कायद्यातही मुळात संगणक नीटच चालतो असंच गृहीत धरलं जायचं. २०१५ पर्यंत नऊशेच्या वर लोक दोषी ठरले. सीमा मिश्रा नावाच्या भारतीय वंशाच्या बाईंना २०१० साली, पोटात मूल असताना, सुमारे ७५ हजार पौंडांच्या चोरीसाठी तुरुंगात टाकलं. २०१९ मध्ये हायकोर्टानं सिस्टिममध्ये दोष होते असा निकाल दिला, २०२१ मध्ये सीमा मिश्रांसह ३९ जणांची शिक्षा रद्द झाली, आणि बाकीच्यांसाठी २०२४ मध्ये पार्लमेंटला खास कायदा करावा लागला. दरम्यान काहींनी घरं विकली, काहींनी जीव दिला.

मी ही बातमी ऑफिसात चहा पिताना सगळ्यांना मोठ्या तावातावानं सांगितली होती. काय नालायक इंजिनिअर असतील ते, असंही म्हणालो होतो!

सोमवारी सकाळी मी तीन हजार पाकिटात घालून, शिवाजी पूल ओलांडून वडणग्याला मामांच्या घरी गेलो. बाबा आले नाहीत. "तू जाऊन ये आधी," एवढंच म्हणाले. मामींनी चहा दिला. मी सगळं सांगितलं, किलो, नग, लुधियाना, माझा कोड. मामांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "जड हाय त्यो माल, मला पैल्या पोत्यालाच कळलं हुतं. हाताला लागतंय की."

"मग सांगितलं का नाही मामा?"

"मला कुणी इचारलं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकोणीस वर्षं बोल्ट हाताळणारा माणूस शेजारी उभा, आणि आम्ही विचारलं कोणाला, तर मी चार दिवसांत लिहिलेल्या प्रोग्रामला.

पाकीट त्यांनी घेतलं. "ह्ये माझंच हायत. पण मालकांनी यायला पायजे हुतं, बाळ."

बाबा गेले. चार दिवस लागले त्यांना, पण गेले. पेढे घेऊन गेले, मामींच्या हातची भाकरी खाल्ली, चुकलं म्हणाले. माझ्या माहितीत बाबा पहिल्यांदाच कोणाला चुकलं म्हणाले. मामांनी त्यांचा हात धरला. पण कामावर यायला नाही म्हणाले. "मालक, उद्या परत धा बोल्ट कमी आलं की तुमच्या डोळ्यांत बघायला लागणार मला. आणि त्यादिवशी काऊंटरवर हुती ती दोन गिऱ्हाईकं, त्यास्नी कोण सांगणार?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. संशय चारचौघांत घेतला होता, माफी घरात मागितली. आम्हाला ती दोन गिऱ्हाईकं कोण होती हेसुद्धा आठवत नव्हतं.

मामा आता दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या दुकानात आहेत. पगार तिथं सोळा हजार आहे म्हणे. सकाळी सायकलवरून जाताना हात करतात. बाबाही करतात.

माझ्यासारखे बरेचजण असतील ज्यांचं गावाकडं दुकान, हॉटेल, मेडिकल काहीतरी आहे आणि जे सुट्टीत जाऊन तिथं 'सिस्टिम' बसवतात. त्यांच्यासाठी मला जे महागात शिकायला मिळालं ते :

१. तूट दिसली की आधी मोजमाप तपासा. माप, दर, उधारी, मालकानं स्वतः उचललेलं, सगळं. चोर हा शेवटचा अंदाज.

२. जो माल हाताळतो त्यालाच पहिल्यांदा विचारा, आरोपी म्हणून नव्हे, जाणकार म्हणून.

३. संशय असेल तर तो बंद खोलीत, कागद समोर ठेवून बोला. पिशव्या तपासायच्याच असतील तर रोज, सगळ्यांच्या, अगदी मालकाच्या पोराचीही.

४. नुकसानीपोटी पगार परस्पर कापू नका. त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय असं कापता येत नाही हे १९३६ च्या वेतन कायद्यातच होतं, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. बाबांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

५. एकाच माणसाकडे किल्ली आणि मोजणी दोन्ही देऊ नका. तो चोर असेल म्हणून नव्हे, तर उद्या तूट आली की तो एकटा पडू नये म्हणून.

प्रोग्राम मी दुरुस्त केलाय. आता प्रत्येक नवीन पोत्याचा एक किलो मोजून आकडा टाकल्याशिवाय खरेदीची नोंदच होत नाही. आणि त्या शेवटच्या कॉलमचं नाव बदललं. 'तूट' काढून 'फरक' लिहिलं. रंगही लाल नाही ठेवला.

असो. बाबा परवा फोनवर म्हणत होते, नवीन पोरगा चांगला आहे, पण तीन सुती मागितला की गोंधळतो.